दोन रात्रींत खाज बंद

नरक चतुर्दशीच्या पहाटे थोरल्याच्या हाताला तेल चोळताना माझ्या बोटांना पुटकुळ्या लागल्या. मनगटावर आणि बोटांच्या बेचक्यांत, अगदी बारीक, काही खाजवून फुटलेल्या. "हे काय रे?" म्हटलं तर म्हणाला, "होस्टेलचं पाणी खराब आहे गं." तो लातूरला नीटच्या तयारीसाठी राहतो, एका खोलीत सहा मुलं. पाण्याचं कारण मला पटलं. त्याच हातानं मी पुढं धाकटीला तेल लावलं आणि मग जावेच्या आठ महिन्यांच्या बाळाला.

आम्ही बार्शीत एकत्र राहतो. सासूबाई, आम्ही दोघं, दोन मुलं, दीर-जाऊ आणि त्यांचं बाळ. आठ माणसं, तीन खोल्या. दिवाळी होऊन महिना उलटला आणि घरात एकेकाची खाज सुरू झाली. दिवसा विशेष काही नाही, पण रात्री अंथरुणात ऊब आली की सुरू. अंधारात कोण खाजवतंय ते आवाजावरून कळायला लागलं. सासूबाई म्हणाल्या उष्णता आहे, सब्जा प्या. सब्जा झाला, कडुनिंबाच्या पाल्याची आंघोळ झाली, करंजाच्या तेलात कापूर घालून झाला. मेडिकलवाल्यानं चिठ्ठी न विचारता एक ट्यूब दिली, "सगळ्यावर चालते" म्हणून. तिनं चार दिवस बरं वाटलं आणि पुन्हा तेच.

खरूज हा शब्द घरात कुणी उच्चारला नाही. खरूज म्हणजे न आंघोळ करणाऱ्यांना होते, असं आमच्या मनात पक्कं बसलेलं. हळदी-कुंकवाला जाताना मी लांब बाह्यांचा ब्लाउज घालत होते आणि वाण देताना बोटं मिटून घेत होते. डॉक्टरकडे गेलो तर वेटिंगमध्ये ओळखीचं कुणी भेटेल, ही एक भीती. गंडवणाऱ्याला दुसरं भांडवल लागत नाही.

ह्यांना एसटीत एक हँडबिल मिळालं. 'जुनाट खरूज, नायटा, गजकर्ण. दोन रात्रींत खाज बंद. गुण आला तरच पैसे द्या.' आम्ही अडकलो ते या शेवटच्या वाक्यात. मी आयुष्यात कधी आगाऊ पैसे मागणाऱ्यावर विश्वास ठेवलेला नाही, पण हा तर उलटं म्हणत होता. गाळ्यात गेलो. पन्नाशीचा माणूस, कपाळाला गंध, मागं काचेच्या बरण्यांत वाळलेल्या मुळ्या. माझा हात उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "ताई, हे कातड्याचं नाही, रक्ताचं आहे. रक्तात दोष साचलाय. हे कुणाचं कुणाला लागत नाही, तुम्ही उगीच लाज धरू नका."

हे ऐकून मला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. त्यानं पांढऱ्या मलमाची एक डबी पुढं केली. डबीवर नाव नाही, गाव नाही. "गंधक आणि अकरा वनस्पती. खाजेल तिथंच लावायचं. परवा येऊन सांगा."

दोन रात्रींत खाज खरंच बंद झाली. तिसऱ्या दिवशी आम्ही आपणहून जाऊन 350 रुपये दिले आणि आणखी सात डब्या घेतल्या. दोन एसटीच्या पार्सलनं लातूरला पाठवल्या. आपण फार मोठं काम केलं, असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

आठवड्यानं लावायचं थांबवलं की खाज दुप्पट जोरानं उसळायची. त्याचंही उत्तर त्याच्याकडे तयार होतं. "आतली घाण बाहेर पडतेय. मध्येच सोडलं की असंच होणार, म्हणून तर सांगतो सोडू नका." मग रक्तशुद्धीचा काढा आला, बाटली 600 रुपये, अशा चार. मग 'जुनाट दोषासाठी खास कोर्स', 3,500. बाळाच्या तळहातांवर, तळपायांवर पुरळ आलं तेव्हा जावेनं विचारलं, लहानग्याला चालेल का? "अर्धं लावा," म्हणाला. डॉक्टरकडे जायचा विषय निघाला की आवाज खाली आणून सांगायचा, "इंग्रजी औषधं गरम पडतात ताई, दोष आत दबून बसेल." पुढं जे कळलं ते ऐकल्यावर त्याच्या या वाक्याला दाद द्यावीशी वाटते. दबवत तो होता, आणि नाव दुसऱ्याचं घेत होता.

सगळी मिळून 8,700 रुपयांची पट्टी बसली. पावती मागितली तेव्हा हसून म्हणाला, "देवाच्या औषधाची पावती असते का?"

संक्रांतीला थोरला घरी आला तो ओळखू येईना. पोट, काखा, कंबर, जांघा, सगळीकडे पसरलेलं, आणि गंमत म्हणजे ते आता खरजेसारखं दिसतही नव्हतं. कुठं नायट्यासारखं लाल, कुठं नुसतं खरबरीत. ह्यांच्या जांघेत लालसर लांब चिरा पडलेल्या. बाळाच्या मांड्यांच्या घड्यांमधली कातडी कागदासारखी पातळ आणि चकचकीत झालेली. जाऊ त्या दिवशी कुणाला न विचारता बाळाला घेऊन सोलापूरला त्वचारोगतज्ज्ञांकडे गेली, आणि तिथून फोन आला की सगळ्यांनी या, एकानंही मागं राहायचं नाही.

डॉक्टर मॅडमनी माझ्याकडे पाहायच्या आधी विचारलं, "घरात माणसं किती? आणि मोठा मुलगा राहतो कुठं?" मग भिंगासारखं छोटं यंत्र थोरल्याच्या बोटाच्या बेचकीवर धरलं आणि मला बघायला बोलावलं. कातडीत पेन्सिलनं ओढल्यासारखी एक नागमोडी रेघ, आणि तिच्या टोकाला काळपट ठिपका. तो किडा. अर्ध्या मिलिमीटरहून लहान, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. मादी कातडीच्या वरच्या थरात असं बीळ करत जाते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. रक्ताशी याचा काही संबंध नाही. हे एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जातं, एका अंथरुणात झोपल्यानं, हातात हात बराच वेळ राहिल्यानं. स्वच्छ माणसालाही होतं. 2017 साली जागतिक आरोग्य संघटनेनं खरजेला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घातलं, म्हणजे जगभर लोक आमच्यासारखेच बोटं मिटून बसलेले असणार.

खाजेचं गणित मॅडमनी समजावलं तेव्हा कुठं मला फसवणूक नीट कळली. खाज किडा चावल्यानं येत नाही. किडा, त्याची अंडी, त्याची विष्ठा यांची शरीराला ॲलर्जी येते, ती खाज. पहिल्यांदा लागण होते तेव्हा ही ॲलर्जी यायला चार ते सहा आठवडे जातात. थोरल्याला दिवाळीत पुटकुळ्या दिसल्या म्हणजे किडा बहुधा सप्टेंबरपासूनच अंगावर होता, आणि आम्हाला लागला तरी पहिला महिना काही जाणवलं नाही. आता ॲलर्जी दाबणारं औषध म्हणजे स्टिरॉइड. ते लावलं की खाज दोन दिवसांत गप्प होते, लाली उतरते, आणि किडा मात्र जिवंत राहून निवांत वाढतो. रोगाचं रूपच बदलतं, त्यामुळे पुढच्या डॉक्टरलाही ओळखायला अवघड. 'गुण आला तरच पैसे द्या' म्हणायला त्याला भीती कसली? गुण येणारच होता.

डबी मी बरोबर नेली होती. मॅडमनी झाकण उघडून वास घेतला आणि माझ्यापुढं धरली. "गंधक म्हणाला ना तो? गंधकाचं मलम पिवळट असतं आणि त्याला वास मारतो. हे पांढरंशुभ्र आहे आणि अत्तरासारखं आहे." गंधक खरजेवरचं जुनं आणि खरं औषध आहे, ठरलेल्या प्रमाणात तान्ह्या बाळांना आणि गरोदर बायकांनाही देतात, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणजे त्यानं नाव खऱ्या औषधाचं वापरलं होतं. डबीत नेमकं काय होतं ते प्रयोगशाळेतून तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. पण ह्यांच्या जांघेतल्या चिरा आणि बाळाची पातळ कातडी पाहून ते स्टिरॉइडच आहे याबद्दल त्यांना शंका उरली नव्हती. बाळाला ते लावलं म्हटल्यावर त्या पहिल्यांदा चिडल्या. जाऊ रडायला लागली तेव्हा गप्प झाल्या. मेडिकलच्या त्या ट्यूबचं नावही मी सांगितलं. त्यातही स्टिरॉइडच होतं. 2018 मध्ये सरकारनं अशा 14 स्टिरॉइडांपैकी कुठलंही असलेली मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली आहे, हे मला तिथं कळलं. मेडिकलवाल्याला ते आधीच माहीत असणार.

आता उपचार. परमेथ्रिन 5 टक्के, म्हणजे किडा मारणारं मलम, मोठ्या माणसाला एका वेळी 30 ग्रॅमची एक ट्यूब. आठही जणांनी एकाच रात्री लावायचं, ज्याला खाज नाही त्यानंसुद्धा. मानेपासून खाली तळपायापर्यंत, खाजेल तिथंच नाही. कानामागं, बेंबीत, काखेत, पार्श्वभागाच्या घडीत, पायांच्या बोटांमध्ये, नखं कापून नखांच्या खाली. रात्रभर ठेवायचं आणि सकाळी आंघोळ. मधे हात धुतले तर हातांना पुन्हा लावायचं. मला रात्री भांड्यांकडं वळायची सवय, म्हणून हे दोनदा सांगावं लागलं. सासूबाईंची पाठ मी केली, माझी जावेनं. बाळाला वेगळ्या सूचना होत्या, डोक्यालासुद्धा लावायचं होतं आणि त्यानं बोटं चोखू नयेत म्हणून हातात मोजे. थोरल्याला आणि ह्यांना आयव्हरमेक्टिनच्या गोळ्याही दिल्या, वजनावर हिशेब करून. त्या गोळ्या 15 किलोच्या आतल्या मुलांना आणि गरोदर बाईला देत नाहीत, म्हणून कुणी एकाची चिठ्ठी पाहून घरभर वाटू नका. सातव्या दिवशी हे सगळं पुन्हा करायचं, कारण पहिल्या वेळी अंड्यांत असल्यानं वाचलेले किडे तोवर बाहेर आलेले असतात.

सकाळी अंथरुणं, टॉवेल, आदल्या तीन दिवसांचे कपडे कढत पाण्यात. दिरांनी गाद्या जाळायच्या म्हटलं होतं, पण किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही. स्वेटर, शाली, धाकटीचा कापडी ससा, जे धुता येईना ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर माळ्यावर टाकलं. दोन्ही वेळचं औषध मिळून आठ जणांना तेराशेच्या आत खर्च आला.

आणि मग आमची परीक्षा सुरू झाली. औषध लावलं तरी खाज थांबेना! तिसरी रात्र, पाचवी रात्र. मॅडमनी बजावलं होतं की किडे मेले तरी त्यांची मढी आणि घाण कातडीत असते, ती झडेपर्यंत दोन ते चार आठवडे खाज राहते. त्यासाठी गोळी दिली होती, साधं मॉइश्चरायझर दिलं होतं. पण रात्री दोन वाजता अंग ओरबाडताना हे कुणाला आठवतं? सासूबाई आठव्या दिवशी म्हणाल्या, "त्याच्या मलमानं दोन दिवसांत थांबली होती, ह्या बाईच्या औषधानं नाही." मी स्वतः कपाटातल्या उरलेल्या डबीपर्यंत हात नेला होता, खोटं कशाला बोलू. जावेनं ती माझ्या हातातून घेऊन कचऱ्याच्या गाडीत टाकली. पुढं तक्रार करायची ठरवलं तेव्हा दाखवायला डबी नव्हती, पावती तर कधीच नव्हती. हे चुकलंच. तुमच्याकडे अशी डबी असेल तर वापरू नका, पण टाकूही नका. ह्यांनी गाळ्यात जाऊन पैसे मागून पाहिले. "गुण आला म्हणूनच दिलेत ना?" एवढंच तो म्हणाला.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी लक्षात आलं की रात्री कुणीच उठलं नाही.

थोरल्याला मात्र परत खोलीवर पाठवणं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरू करणं होतं. होस्टेलच्या मालकांना फोन केला तर म्हणाले, "आमच्याकडे असलं काही नाही." मग थोरल्याला खोदून विचारलं. सहाच्या सहा जण खाजवत होते, प्रत्येक जण पांघरुणात तोंड घालून. आणि मी पार्सलनं पाठवलेल्या त्या दोन डब्या त्यानं खोलीत वाटल्या होत्या. संपल्यावर दोघांनी घरून पैसे मागवून त्या माणसाकडून आणखी मागवल्या. नंबर आमच्याकडूनच गेलेला.

एका रविवारी वही घेऊन बसले आणि पाचही मुलांच्या आयांना फोन लावले. पहिल्या वाक्यात 'आमच्या घरात खरूज होती' असं सांगायचं ठरवलं होतं, तरी पहिल्या फोनला जीभ अडखळली. तिघींनी ऐकून घेतलं. एकीनं फोन ठेवला. शेवटची परभणीकडची होती, सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "पण ताई, त्या मलमानं त्याची खाज लगेच थांबली हो."

"हो," मी म्हटलं, "आमचीही थांबली होती."