जर्मनीतल्या एका माणसाचा पगार: अकरा महिन्यांचा अनुभव

चाकणला आमचा जिग-फिक्श्चरचा, म्हणजे काम करताना सुटे भाग पकडून ठेवणाऱ्या साधनांचा, छोटा कारखाना आहे. श्टुटगार्टच्या आसपास गिऱ्हाईकं वाढली, तेव्हा तिथेच एक सर्व्हिस इंजिनिअर ठेवायचं ठरलं. एका माणसासाठी तिकडे कंपनी काढणं परवडणारं नव्हतं, म्हणून 'एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड' सेवा घेतली. कागदावर मालक ते, काम आमचं, दरमहा बिल आम्हाला. पगाराचं काम माझ्याकडे असल्यामुळे यातला प्रत्येक कागद माझ्या हातून गेलाय.

मुलगा मूळचा सांगलीचा, शिक्षण आखेनला. वर्षाला 50,000 युरो 'ब्रुटो', म्हणजे कपातीआधीचा पगार, ठरले आणि मी तेवढंच बजेटमध्ये धरलं. करार करताना तोच म्हणाला, "ताई, ब्रुटो म्हणजे सीटीसी नव्हे." आपल्याकडे कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी बहुतेक ठिकाणी सीटीसीतच, म्हणजे माणसावरच्या कंपनीच्या एकूण खर्चातच, मोजतात. तिकडे मालकाचा वाटा ब्रुटोच्या वर असतो. पेन्शन विमा 18.6 टक्के, बेरोजगारी विमा 2.6, शिवाय आरोग्य आणि शुश्रूषा विमा. यातलं साधारण अर्धं त्याच्या पगारातून कापतात, अर्धं मालक भरतो. अपघात विमा तर पूर्ण मालकाचाच. सगळं धरून मालकावर 21 टक्क्यांच्या आसपास पडतं, म्हणजे आम्हाला वर्षाला साडेदहा हजार युरो जास्तीचे. त्यावर सेवेची फी. आणि परदेशातून घेतलेली सेवा म्हणून 18 टक्के आयजीएसटी (जीएसटीचाच प्रकार) रिव्हर्स चार्जने, म्हणजे सेवा देणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने, आपणच भरायचा. त्याचं क्रेडिट मिळतं, पण आधी रोख भरावी लागते. हे कोटेशन देताना कुणी सांगितलं नाही, त्याचा मला राग आहे.

पहिल्याच पगारात घोळ झाला. पोरगा अविवाहित, म्हणजे कर-वर्ग 1. स्लिपवर छापला होता 6. तो वर्ग दुसऱ्या, जोडधंद्याच्या नोकरीला लागतो आणि त्यात कर भरमसाट कापतात. सेवेने त्याची नोंदणी करताना मुख्य नोकरीऐवजी दुय्यम नोकरी निवडली होती. पुढच्या महिन्यात फरक परत मिळाला, पण त्या महिन्यात घरभाडं भरताना त्याची ओढाताण झाली, याचं मला फार वाईट वाटलं. पहिली स्लिप स्वतः वाचा, माणसालाही वाचायला लावा.

त्यानंतर मात्र पगार एकदाही चुकला नाही, उशीर नाही. रजेचा हिशेब तर त्यांनी माझ्यापेक्षा चोख ठेवला. पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्याने किमान 20 दिवस रजा, आम्ही 28 दिली. ऑगस्टमध्ये तो दहा दिवस सुट्टीवर गेला आणि त्यातले चार दिवस तापाने झोपून होता. माझ्या एक्सेलमध्ये दहा रजा वजा, त्यांच्या पोर्टलवर सहाच. मी फोन केला तर कळलं, डॉक्टरचा दाखला असेल तर सुट्टीतले आजारी दिवस रजेत धरतच नाहीत. आणि आजारपणात सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार मालकाने द्यायचा. मला हा नियम मनापासून पटला.

नोटीसबद्दल आमची सवय बदलावी लागली. आमच्या नमुना पत्रात सरसकट 90 दिवस होते. तिकडे प्रोबेशनच्या सहा महिन्यांत दोनच आठवडे, नंतर चार आठवडे, तेही महिन्याच्या 15 तारखेला किंवा अखेरीला संपणारे. करारात मुदत वाढवता येते, पण मालकापेक्षा कामगाराला जास्त दिवस अडकवता येत नाही. राजीनामा असो की काढणं, ईमेल चालत नाही. कागद आणि शाईची सही लागते.

सेवेला मी पाचपैकी चार देईन. एक कापला तो कर-वर्गासाठी आणि 18 महिन्यांच्या अटीसाठी. त्यांचा परवाना कामगार पुरवण्याच्या कायद्याखालचा आहे आणि त्यात एक माणूस एका गिऱ्हाइकाकडे सलग 18 महिन्यांवर ठेवता येत नाही. ही अट मला नवव्या महिन्यात कळली. आता सात महिने हातात आहेत. तिथे कंपनी न काढता परदेशी मालक म्हणून थेट नोंदणी करता येते, सामाजिक विम्यासाठी जर्मनीत एक प्रतिनिधी नेमावा लागतो. ऑर्डरवर सह्या आम्ही आजही पुण्यातच करतो, त्याला करू देत नाही, नाहीतर तिथे आमचं कायम कार्यालय आहे असं धरून नफ्यावर कर मागू शकतात. पुढच्या महिन्यात सीएंबरोबर बसून थेट नोंदणीचा खर्च काढणार आहे. मुलगा आम्हाला सोडायचा नाही.