हँग-ऑन स्टँडचा एक हंगाम: पाचव्या क्लायम्बिंग स्टिकवर पैसे घालू नका

पेनसिल्व्हेनियात धनुष्यबाणाने व्हाइटटेल हरणाची शिकार करणाऱ्या, किंवा यंदा सुरू करू पाहणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहितो आहे. स्टँड नेहमीचाच आहे: ३०० पाउंड पेलणारा हँग-ऑन, म्हणजे पट्ट्याने झाडाला टांगायचं बसण्याचं आसन, आणि सोबत ३२ इंची चार स्टिक, म्हणजे चढण्यासाठी बुंध्याला बांधायच्या पायऱ्यांच्या दांड्या. प्लॅटफॉर्म केवढा, सीट केवढी, ही माहिती विक्रीच्या पानावर सापडते. प्लॅटफॉर्म चांगला आहे, थंडीत कुरकुरत नाही, सीट मात्र लहान आहे. एवढं सांगून मी उंचीकडे वळतो, कारण माझे ४० डॉलर तिथेच गेले.

चार स्टिक नीट अंतर राखून लावल्या की प्लॅटफॉर्म सतरा-साडेसतरा फुटांवर बसतो. विकणाऱ्याचं म्हणणं पडलं की धनुष्यासाठी एवढी उंची अपुरी आहे, बावीस फूट तरी गाठा, आणि त्यासाठी पाचवी स्टिक वेगळी घ्या. ती घेतली. ऑक्टोबरमध्ये ओल्या हवेत त्याच पाचव्या स्टिकच्या पट्ट्याचं बकल सरकू लागलं. झाडावर चढवण्याआधी प्रत्येक पट्टा बुंध्याला आवळून त्यावर उभं राहून बघायची मला सवय आहे, म्हणून हे जमिनीपासून हातभर उंचीवरच कळलं. कंपनीला कळवलं. त्यांनी आधी फोटो मागवले, मग पावती, मग बकलचा जवळून काढलेला फोटो. शेवटी उत्तर आलं की पट्टा सुटा मिळत नाही, नवी स्टिक घ्या, १५ टक्के सूट देतो. माणसाचा जीव ज्या पट्ट्यावर टांगलेला असतो तो पट्टा सुटा विकत नाहीत, याचा मला आजही संताप येतो. दोन-चार डॉलरची वस्तू आहे ती. हार्डवेअरच्या दुकानातला सामान बांधायचा पट्टा लावून वेळ मारून नेता आली असती, पण माणसाच्या वजनासाठी ज्याची चाचणीच झालेली नाही असा पट्टा मी लावणार नाही आणि तुम्हीही लावू नका.

तर पाचवी स्टिक गॅरेजमध्ये गेली आणि स्टँड साडेसतरा फुटांवर उतरला. खरा अनुभव तिथून पुढे सुरू झाला.

बावीस फुटांवर असताना काय होत होतं ते आधी सांगतो. हरणं वर बघत नव्हती, हे खरं. माझा वासही बराचसा त्यांच्या डोक्यावरून जात होता. पण झाड हरणांच्या वाटेला लागून होतं, जेमतेम आठ यार्डांवर (यार्ड म्हणजे तीन फूट). एक मादी त्या वाटेने आली, थांबली, पूर्ण आडवी उभी राहिली. तरी मी बाण सोडला नाही, कारण वरून मला दिसत होता तो मुख्यतः तिच्या पाठीचा कणा आणि खांद्याचा वरचा भाग. इतक्या तीव्र कोनातून गेलेला बाण बहुतेक वेळा एकाच फुप्फुसातून जातो. दोन्ही फुप्फुसं भेदली गेली तर हरीण सहसा शे-दीडशे यार्डांच्या आत पडतं. एकच भेदलं गेलं तर ते कितीतरी लांब जातं आणि अनेकदा सापडतच नाही. जखमी करून हरवलेलं जनावर कुठल्याच प्रामाणिक शिकाऱ्याला सहन होत नाही, म्हणून उंचीचा विचार इथूनच करायला हवा.

साडेसतरा फुटांवर स्टँड आणला तेव्हा झाडही बदललं. आधीच्या झाडावर या उंचीला समोरच फांद्या येत होत्या, म्हणून वाटेपासून अठरा यार्डांवरचा ट्यूलिप पॉप्लर निवडला. तिथून पहिली मादी मिळाली. बाण आरपार गेला, दोन्ही फुप्फुसं, आणि ती माझ्या नजरेसमोरच पडली. त्या संध्याकाळी मी ठरवूनच टाकलं की कमी उंची हाच उपाय आहे, आणि ओळखीच्या दोघा-तिघांना तसं सांगूनही मोकळा झालो.

मग शांतपणे कागद-पेन्सिल घेऊन कोन काढले, आणि मत बदललं. प्लॅटफॉर्मवर उभं राहिल्यावर बाण साधारण पाच फूट आणखी वर असतो आणि हरणाची छाती जमिनीपासून तीनेक फुटांवर. हे धरून हिशेब असा येतो: बावीस फुटांवरून आठ यार्डांवरचं हरीण ४५ अंशांच्या कोनात खाली असतं. साडेसतरा फुटांवरून तेच हरीण सुमारे ३९ अंशांत. म्हणजे साडेचार फूट खाली येऊन फक्त सहा अंश मिळाले. पण साडेसतरा फुटांवरच राहून वाटेपासून अठरा यार्ड लांब गेलं की कोन २० अंशांवर येतो. श्रेय उंचीचं नव्हतंच, वाटेपासूनच्या अंतराचं होतं. अठरा यार्डांवर झाड असेल तर बावीस फुटांवरूनही कोन २४ अंशच होतो आणि तोही चालण्यासारखा आहे. मग पाचव्या स्टिकचे ४० डॉलर कशासाठी? स्टँड वाटेवर टांगू नका, वाटेपासून पंधरा ते वीस यार्डांवर टांगा. याला एक डॉलरही लागत नाही.

त्याच कागदावर आणखी एक हिशेब झाला. कोन धरून अंतर सांगणारा महागडा रेंजफाइंडर मी घेणार होतो. बाणावर गुरुत्वाकर्षणाचा परिणाम आडव्या अंतराइतका होतो, तिरक्या रेषेइतका नाही, हे बरोबर. पण बावीस फुटांवरून वीस यार्डांवरच्या हरणापर्यंतची तिरकी रेघ भरते साडेएकवीस यार्ड. दीड यार्डाच्या फरकाने काही बिघडत नाही. उंच कड्यावरून लांबचा नेम धरणाऱ्यांसाठी ते यंत्र असेल, आपल्या झाडावरून साधा रेंजफाइंडर पुरतो. त्याऐवजी कंबरेतून वाकायचा सराव करा. वरून खाली नेम धरताना नुसता धनुष्याचा हात खाली केला की खांद्यांची ठेवण मोडते आणि बाण भरकटतो. आधी सरळ समोर धनुष्य खेचायचं आणि मग कंबरेतून वाकायचं. अंगणात शिडीवरून हा सराव होत नाही, स्टँडवरूनच हार्नेस (अंगावर घालून झाडाला जोडायचे सुरक्षा-पट्टे) घालून करावा लागतो.

आता उताराचं, कारण मध्य पेनसिल्व्हेनियात सपाट जागा मिळणं कठीण. ब्लू माउंटनच्या आणि त्याच्या मागच्या रांगांच्या उतारावर 'सतरा फूट' या शब्दांना अर्थच राहत नाही. शंभर फुटांत तीस फूट चढ असलेला उतार धरा. वाट तुमच्या झाडाच्या वरच्या अंगाला वीस यार्डांवर असेल तर तिथली जमीन बुंध्यापेक्षा अठरा फूट उंच असते. म्हणजे सतरा फुटांवरच्या प्लॅटफॉर्मपेक्षाही हरणाचे खूर फूटभर वर. हरीण मान न उचलता थेट तुमच्याकडे बघतं. तीच वाट खालच्या अंगाला असेल तर तुम्ही सतरा फुटांवर बसून प्रत्यक्षात पस्तीस फुटांवर असता आणि वीस यार्डांवरही कोन ३२ अंशांच्या आसपास जातो. अशा ठिकाणी तीन स्टिक लावून तेरा फुटांवर बसलं तरी पुष्कळ होतं. किती उंच बसायचं हे बुंध्यापासून मोजून ठरवण्यात अर्थ नाही. हरीण जिथे उभं राहणार तिथे स्वतः जाऊन उभं राहायचं आणि वर बघायचं. मी आता प्रत्येक झाड असंच ठरवतो.

नागपूरचे माझे काका पेंचच्या जंगलात बुद्धपौर्णिमेच्या रात्री प्राणीगणनेसाठी मचाणावर बसलेले आहेत. फोनवर त्यांनी पहिला प्रश्न केला, "मचाण किती उंच?" त्यांना सतरा फूट फारच कमी वाटलं. पाणवठ्यावर येणारे प्राणी नुसते मोजायचे असतील तर उंची जितकी जास्त तितकं बरं, तिथे कोनाचा प्रश्नच येत नाही. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकार बंद आहे, त्यामुळे आपल्याकडची मचाणाची सगळी माहिती बघण्यासाठीच्या मचाणाची आहे. ती इथे जशीच्या तशी लागू करू नका.

नोव्हेंबरात पुन्हा एकदा मत बदलावं लागलं. ट्यूलिप पॉप्लरची पानं लवकर झडतात. ऑक्टोबरात ज्या झाडावर मी पूर्ण झाकलेला होतो, तिथे आता आभाळासमोर उघडा बसलो होतो, आणि माद्या लांबूनच थांबून माझ्याकडे टक लावून बघू लागल्या. अशा वेळी सगळे सांगतात की वर सरका. खरंच वर सरकावं असं मलाही वाटलं; पाचवी स्टिक चालू स्थितीत असती तर तीच लावली असती. ती नव्हती, म्हणून झाड बदललं आणि तोच उपाय लागू पडला. हेमलॉकला बारा महिने पालेदार फांद्या असतात. बीच आणि लहान ओकांवर वाळलेली पानं हिवाळाभर टिकतात. पाठीमागे दाट काहीतरी असलं की आकृती उठून दिसत नाही. हरणाला लाल-केशरी रंग नीट दिसत नाही, पण हालचाल मात्र झटकन दिसते, आणि झाकलेल्या जागेत धनुष्य खेचतानाची हालचाल लपते. हेमलॉकला पाठ लावून सोळा फुटांवर बसून मला जे मिळालं ते उघड्या पॉप्लरवर पंचवीस फुटांवर मिळालं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

झाड निवडताना दोन झाडं टाळा. शॅगबार्क हिकरीची साल सुटी असते, पट्टा धड बसत नाही आणि आवाज होतो. आणि ॲश तर नकोच. एमराल्ड ॲश बोरर ही कीड अमेरिकेत २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडली आणि २००७ मध्ये पेनसिल्व्हेनियात. तेव्हापासून उभे वाळलेले ॲश जागोजागी आहेत. सरळ, बिनफांदीचे आणि स्टँडसाठी अगदी सोयीचे दिसतात, पण आतून ठिसूळ झालेले असतात.

वाऱ्याबद्दल थोडक्यात. सकाळी ऊन चढलं की हवा उताराने वर सरकते, संध्याकाळी गार होऊन खाली घसरते. वाट खालच्या अंगाला असेल तर ते झाड सकाळसाठी ठेवा. संध्याकाळी तुम्ही कितीही उंच बसा, तुमचा वास खालच्या वाटेवरच्या हरणांकडेच जाणार.

आणि ते ४० डॉलर. जवळजवळ तेवढ्याच पैशात प्रुसिक गाठीची लाइफलाइन येते. स्टँडवरून होणारे बरेच अपघात चढताना, उतरताना आणि स्टिकवरून प्लॅटफॉर्मवर पाय टाकताना होतात, आणि नुसता वर जाऊन अडकवलेला हार्नेस त्या वेळी उपयोगाचा नसतो. लाइफलाइन झाडाला वरपासून खालपर्यंत बांधलेली असते, गाठ आपल्याबरोबर सरकते, आणि पाय जमिनीवरून उचलल्यापासून परत टेकेपर्यंत आपण बांधलेले राहतो. विकणाऱ्याने पाचव्या स्टिकऐवजी हिचं नाव घेतलं असतं तर मी त्याचे आभार मानले असते. हार्नेसवरची मुदत संपल्याची तारीखही बघा, आणि लटकत राहिलात तर पाय टेकवायचा पट्टा खिशात ठेवा. धनुष्य अंगावर घेऊन चढू नका, दोरीने मागून ओढून घ्या.

स्टेट गेम लँडवर, म्हणजे राज्याच्या मालकीच्या शिकारीच्या जमिनीवर, बसत असाल तर शेवटच्या हरीण हंगामानंतर दोन आठवड्यांत स्टँड काढावा लागतो, त्यावर तुमची ओळख लावलेली लागते, आणि झाडात घुसणाऱ्या स्क्रूच्या पायऱ्या तिथे चालत नाहीत. मी बसतो ती जागा एका शेतकऱ्याची खासगी आहे, तरी मी हंगाम संपताच सगळं उतरवलं, कारण झाड वाढतं तसा पट्ट्यावर ताण येतो आणि खारी पट्टे कुरतडतात. पुढच्या वर्षीसाठी हेमलॉक ठरलेला आहे. वाट खालच्या अंगाला आहे, सतरा यार्डांवर. त्याला तीन स्टिक पुरतात, चौथी जादा म्हणून राहील. कंपनीची सूट २० जानेवारीला संपली, मी ती घेतली नाही.