मानसशास्त्रात एम.ए. करताना: क्लिनिकल, समुपदेशन की एचआर?

बी.ए. झाल्यावर ‘आधी एम.ए. करू, मग बघू’ असं बरेच जण म्हणतात. क्लिनिकलला, म्हणजे मानसिक आजारांचं निदान आणि उपचार करण्याकडे, जायचं असेल तर हे ‘मग’ महागात पडतं.

‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी लागते. त्यासाठी वर्षानुवर्षं एकच मुख्य रस्ता होता: एम.ए.नंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. यूजीसीने २०२२मध्ये एम.फिल. बंद केलं आणि क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एम.फिल.ला २०२५-२६च्या प्रवेशांपर्यंतच मुदत दिली. त्यामुळे जुन्या सीनियरचा सल्ला आता तसाच्या तसा लागू पडत नाही. सगळ्यात जास्त फसगत नावामुळे होते. अनेक एम.ए.च्या नावात ‘क्लिनिकल’ असतं, पण आरसीआयची मान्यता नसते. फी भरण्याआधी परिषदेच्या यादीत संस्था, अभ्यासक्रम आणि तुमचं प्रवेशवर्ष अशा तिन्ही गोष्टी जुळवून पाहा. जागा मोजक्या असतात, एखादं वर्ष वाया जाण्याची तयारी ठेवा. त्या बदल्यात वॉर्डात आणि ओपीडीत देखरेखीखाली जे शिकायला मिळतं, ते वीकेंडच्या सर्टिफिकेट कोर्समध्ये मिळणं शक्य नाही. औषधं मात्र लिहून देता येत नाहीत, ते काम मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांचं.

एचआरमध्ये पगार लवकर सुरू होतो, पण रोजचं काम भरती आणि कामगार कायद्यांचं. माणसांशी खोलवर बोलायची ओढ असेल तर तिथे मन रमत नाही.

समुपदेशनात एम.ए.नंतर लगेच उतरता येतं. शाळेत जायचं तर एनसीईआरटीची वर्षाची पदविका उपयोगी: सहा महिने दूरशिक्षण, तीन महिने प्रत्यक्ष वर्ग, तीन महिने इंटर्नशिप. सीबीएसई शाळांना समुपदेशक नेमावा लागतो. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मात्र शाळेतला समुपदेशक देऊ शकत नाही. लक्षणं हेरून मुलाला मान्यताप्राप्त केंद्राकडे पाठवणं एवढंच त्याच्या हाती, आणि तेही मोलाचं.

खासगी प्रॅक्टिसमध्ये पहिली काही वर्षं उत्पन्न अनियमित असतं, वर सुपरव्हिजनचा, म्हणजे अनुभवी तज्ज्ञाकडून आपल्या केसेसवर मार्गदर्शन घेण्याचा, खर्च. तो वाचवायला जाऊ नका. अवघड केस एकट्याने ओढताना चूक होते आणि ती समोरच्या माणसाला भोवते.

शाळेत अडचण वेगळीच येते: गैरहजर शिक्षकांचे तास समुपदेशकाच्या गळ्यात पडतात, आणि मुलांनी विश्वासाने सांगितलेलं मुख्याध्यापक विचारू लागतात. कामाचं स्वरूप, स्वतंत्र खोली आणि गोपनीयतेचे नियम रुजू होण्याआधीच लेखी घ्या.