अलिबागचा हिब्रू वाचनवर्ग: ‘केलाख’चा धडा

अलिबागच्या बेने इस्राएली ज्यूंच्या इस्राएल आळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर रविवारी भरणाऱ्या या वर्गात शिकवणं चोख आहे, झेरॉक्स मात्र टाकाऊ.

म्हातारपणासाठी ‘जिकना’ आणि ‘सेवा’ (म्हणजे पिकले केस, आपली सेवा नव्हे) हे शब्द पटकन उरकतात. खरा वेळ ‘केलाख’ला. अख्ख्या हिब्रू बायबलमध्ये हा शब्द दोनदाच येतो, दोन्ही वेळा ईयोबाच्या पुस्तकात: 5:26 आणि 30:2 (अध्याय:ओवी). पहिल्या ठिकाणी माणूस केलाखात कबरेकडे जातो, हंगामात रचलेल्या पेंढ्यांच्या राशीसारखा. ती रास म्हणजे ‘गादीश’, आणि तिला गुरुजी सरळ ‘उडवी’ म्हणतात. कोकणात यापुढे काही समजवावं लागत नाही. कच्चं भात कोणी उडवीला लावत नाही. म्हणून अर्थ पिकलेलं, भरलेलं वय. 30:2 मध्ये मात्र ‘जोम’ हा अर्थही काही जण घेतात, तिकडे वर्ग घाईत सरकतो.

मग अक्षरांची बेरीज, कारण हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकडा असतो. ‘ब-केलाख’: बेत 2, काफ 20, लामेद 30, खेत 8, एकूण 60. तालमूदने, म्हणजे ज्यूंच्या धर्मचर्चेच्या ग्रंथाने, याच बेरजेवरून साठीचा संबंध जोडलाय. इथेच झेरॉक्स दगा देते. खेतचा डावा पाय वरच्या आडव्या रेषेला चिकटलेला असतो, ‘हे’ (किंमत 5) या अक्षराचा सुटलेला. फिकट शाईत तो तुटतो, खेतचं ‘हे’ होतं आणि बेरीज 57 येते. छापील प्रत सोबत न्या.