समुद्राखालचं कवच आणि खंडांचं कवच

पृथ्वीचं कवच सगळीकडे सारखं नाही. समुद्रतळाखालचं जेमतेम 6-7 किमी जाड, बेसाल्टचं आणि जड. खंडांचं सरासरी 35 ते 40 किमी, तिबेटखाली तर 70 च्या आसपास. घडण बरीचशी ग्रॅनाइटसारखी, म्हणून हलकं.

माझ्या मते खरी गंमत वयात आहे. सागरी कवच मध्य-अटलांटिकसारख्या समुद्राखालच्या पर्वतरांगांवर जन्मतं. प्रावरण, म्हणजे कवचाखालचा खडकाचा जाड थर, तिथे अंशतः वितळतं, शिलारस वर येऊन गोठतो, बाजूला सरकतो, थंड होत जड होतो आणि समुद्रतळावरच्या खोल खंदकांपाशी पुन्हा प्रावरणात बुडतो. त्यामुळे बहुतेक समुद्रतळ 20 कोटी वर्षांच्या आतलाच. बुडताना तो पाणी सोबत नेतो; त्या पाण्यामुळे बुडत्या कवचाच्या वर असलेलं प्रावरण वितळतं आणि त्यातूनच खंडांत भर पडते. एकाच्या मरणावर दुसरं पोसलं जातं म्हणा ना! खंडीय कवच सहसा बुडत नाही, म्हणून त्यात फार जुने अवशेष टिकतात. ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समधले झिरकॉन या खनिजाचे काही कण सुमारे 440 कोटी वर्षांचे आहेत.

बेसाल्ट दिसला की सागरी कवच, असं मात्र नाही. सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी खंडावरच पसरला; कोयना परिसरात खोल वेधन केलं तेव्हा त्याखाली ग्रॅनाइटी खडकच लागला.