गाडी सुरू होते झटकन, भाडे थांबत नाही: पुण्यातील भाड्याच्या ई-बाइकचा काही महिन्यांचा अनुभव

अ‍ॅपवरून मिनिटांच्या हिशेबाने मिळणारी छोटी ई-बाइक वापरावी की नाही, असे मला आता कोणी विचारले, तर मी दर किंवा बॅटरी यांविषयी सांगण्याआधी त्यालाच एक प्रश्न विचारतो: गाडी जिथे सोडायची आहे ती जागा उघड्या आकाशाखाली आहे ना? हा प्रश्न विचित्र वाटेल. परंतु काही महिने ही सेवा जवळजवळ रोज वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, अशा सेवेची खरी परीक्षा गाडी घेताना होत नाही, ती परत करताना होते; आणि कंपन्यांनी आपली सारी हुशारी मात्र गाडी घेण्याच्या टोकाला खर्च केलेली आहे. कंपनीचे नाव येथे देत नाही. दोष एकट्या तिचा नाही, आणि खाली लिहिलेल्या बऱ्याच गोष्टी या पद्धतीच्या कोणत्याही सेवेला लागू पडतील.

माझा उपयोग मर्यादित आणि ठरावीक आहे. मी मेट्रोने नळ स्टॉपला उतरतो आणि तेथून लॉ कॉलेज रस्त्याने सेनापती बापट रस्त्यावरील कार्यालयात जातो. अंतर साधारण तीन किलोमीटर. रिक्षाचे मीटर पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये या दराने पन्नाशीच्या आसपास जाते, तेही रिक्षावाला यायला तयार झाला तर. पीएमपीच्या बसचे पहिल्या पाच किलोमीटरचे भाडे २०२५ च्या जूनपासून १० रुपये झाले आहे, म्हणजे पैशांच्या बाबतीत बसशी कोणाचीच बरोबरी होऊ शकत नाही. पण बसची वाट पाहण्यात जो वेळ जातो तो कोणत्याही तिकिटावर छापलेला नसतो. ई-बाइकचे भाडे या दोहोंच्या मध्ये बसते. गाडी उघडण्याचा एक ठरावीक आकार, त्यावर दर मिनिटाचा दर, आणि कर. रहदारी सुरळीत असेल तर ती रिक्षापेक्षा स्पष्टपणे स्वस्त पडते, आणि फिल्म इन्स्टिट्यूटच्या आसपास कोंडी झाली की हा फरक मिनिटामिनिटाने वितळत जातो.

गाडीविषयी माझी फारशी तक्रार नाही. २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग असलेल्या विजेच्या दुचाकीला केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटार वाहन मानले जात नाही. तिला नोंदणी लागत नाही आणि चालवणाऱ्याला परवानाही लागत नाही. ही सवलत मिळवण्यासाठी गाडीची ताकद मुद्दाम बेताची ठेवलेली असते, हे ध्यानात घेतले म्हणजे चढावर तिने टाकलेला उसासा समजून घेता येतो. लॉ कॉलेज रस्त्याच्या सपाटीवर ती मजेत चालते. सेनापती बापट रस्त्याचा चढ लागला आणि बॅटरी निम्म्याखाली असली, की मागून येणारे स्कूटरवाले हॉर्न वाजवू लागतात. ब्रेक बहुतेक गाड्यांचे चांगले आहेत. आरसे बहुतेक गाड्यांना नाहीत, किंवा एकच आहे आणि तो आकाश दाखवतो. हेल्मेट कायद्याने सक्तीचे नाही आणि कंपनीही देत नाही. मी माझे स्वतःचे नेतो, आणि इतरांनीही न्यावे असे मला प्रामाणिकपणे वाटते, कारण कर्वे रस्त्यावरच्या बसला आपण मोटार वाहनावर आहोत की नाही याने काही फरक पडत नाही.

गाडी घेणे खरोखरच सोपे आहे. नकाशावर जवळच्या गाड्या त्यांच्या बॅटरीच्या टक्क्यांसह दिसतात, हँडलवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की कुलूप उघडते आणि भाडे सुरू होते. कोड खरवडलेला असेल तर त्याखालचा क्रमांक हाताने टाकता येतो. अडचण एवढीच की नकाशावर दिसणारी प्रत्येक गाडी चालवण्याच्या स्थितीत असतेच असे नाही. क्वचित ती एखाद्या सोसायटीच्या फाटकाआत असते आणि रखवालदार तिच्याकडे पाहूही देत नाही. क्वचित ती समोर उभी असते, पण स्कॅन केल्यावर देखभालीसाठी बंद असल्याचे कळते. हा त्रास मी फारसा मनावर घेत नाही, कारण अजून पैसे सुरू झालेले नसतात.

पैसे सुरू झाल्यानंतरची गोष्ट वेगळी. प्रवास संपवण्यासाठी कंपनीने आखून दिलेल्या जागेतच गाडी उभी करावी लागते. ही जागा रस्त्यावर क्वचितच रंगवलेली असते. ती असते अ‍ॅपच्या नकाशावर, निळ्या चौकटीच्या रूपात. गाडी चौकटीत आहे की नाही हे गाडीतले जीपीएस यंत्र ठरवते आणि आपली जागा आतल्या सिमकार्डावरून कंपनीच्या सर्व्हरला कळवते. चौकटीत आहे असे सर्व्हरला पटले तरच 'प्रवास संपवा' हे बटण काम करते. मग उभ्या गाडीचा फोटो काढून पाठवायचा, आणि तो मान्य झाला की भाडे थांबते. चौकटीबाहेर गाडी सोडली तर दंड लागतो, आणि न संपवताच निघून गेलो तर मीटर चालूच राहते.

आता नळ स्टॉपचा चौक डोळ्यांसमोर आणावा. तेथे रस्त्यावर उड्डाणपूल आहे आणि त्या पुलावर मेट्रोचा मार्ग आहे. म्हणजे खाली उभ्या असलेल्या माणसाच्या आणि आकाशाच्या मध्ये काँक्रीटचे दोन मजले आहेत. जीपीएसचा संदेश उपग्रहाकडून येतो, तो मुळातच अतिशय क्षीण असतो आणि काँक्रीटमधून तो धडपणे पार होत नाही. जो पोहोचतो तो आसपासच्या भिंतींवर आपटून, वळसा घेऊन पोहोचतो. यंत्राला त्यामुळे आपण भलत्याच ठिकाणी आहोत असे वाटते, किंवा नवीन काही कळतच नाही आणि ते शेवटचे माहीत असलेले ठिकाणच सांगत बसते. आणि मेट्रोच्या प्रवाशांना सोयीची म्हणून आखलेली चौकट नेमकी या छताखाली आहे.

संध्याकाळचे दृश्य त्यामुळे असे दिसते. खांबाच्या कडेला ओळीने उभ्या असलेल्या गाड्यांमध्ये मी माझी गाडी नीट लावलेली असते, स्टँडवर, पुढचे चाक सरळ करून. अ‍ॅप म्हणते, तुम्ही पार्किंगच्या जागेपासून चाळीस मीटर दूर आहात. शेजारच्या दोन गाड्या त्याच जागी कोणीतरी यशस्वीपणे सोडून गेलेला आहे, हा युक्तिवाद अ‍ॅपला करता येत नाही. मी गाडी पुढे ढकलतो, अंतर साठ होते. मागे आणतो, पुन्हा चाळीस. एक तरुण मुलगी, पाठीवर लॅपटॉपची बॅग, हातात मोबाइल उंच धरून, हेच करीत असते. आम्ही एकमेकांकडे पाहून हसतो आणि पुन्हा आपापल्या ठिपक्याकडे पाहू लागतो. वर मेट्रो येते आणि जाते. एका संध्याकाळी या कसरतीला मूळ प्रवासापेक्षा अधिक मिनिटे लागली आणि त्या साऱ्या मिनिटांचे भाडे मी भरले. इतर अनेकदा दोन-तीन मिनिटांत सुटका होते. मिनिटे थोडी असली तरी प्रत्येक वेळी मेट्रो चुकेल ही धाकधूक असतेच.

यावर मला सापडलेला उपाय नव्या ग्राहकांच्या उपयोगी पडावा म्हणून सविस्तर सांगतो. पुलाखाली शिरण्याआधी, लॉ कॉलेज रस्त्याच्या टोकाला, जेथे वर आकाश दिसते तेथे कडेला अर्धा मिनिट थांबावे. त्या वेळात यंत्र आपली जागा ताजी करते. मग थेट चौकटीच्या उघड्या कडेला जाऊन गाडी लावावी. मधोमध, खांबाला टेकवून लावू नये, जरी ते पादचाऱ्यांच्या दृष्टीने अधिक सभ्यपणाचे असले तरी. तरीही बटण चालले नाही तर फोनचे ब्लूटूथ बंद करून पुन्हा सुरू करावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, अ‍ॅपच्या नकाराचा स्क्रीनशॉट वेळेसह काढून ठेवावा. कंपनीशी बोलताना तोच एक पुरावा ग्राह्य धरला जातो.

या घोटाळ्याला पर्याय नाही असे नाही. म्हैसूरला २०१७ पासून चाललेल्या 'ट्रिन ट्रिन' योजनेत, किंवा लंडनला २०१० साली सुरू झालेल्या सार्वजनिक सायकल योजनेत, सायकल ठेवायला जमिनीत रोवलेले स्टँड आहेत. सायकल त्यात अडकली, प्रवास संपला. आकाशातल्या उपग्रहाची साक्ष काढावी लागत नाही. असे स्टँड उभारायला जागा लागते, खोदकाम लागते आणि महापालिकेची परवानगी लागते, म्हणून नंतर आलेल्या कंपन्यांनी ते टाळले आणि कुठेही घ्या, कुठेही सोडा अशी जाहिरात केली. पुण्याने त्याचा पूर्वार्ध पाहिलेला आहे. डिसेंबर २०१७ मध्ये औंधपासून महापालिकेच्या पुढाकाराने भाड्याच्या सायकली सुरू झाल्या, पुढच्या काही महिन्यांत एकामागून एक कंपन्या आल्या, आणि आल्या तशा गेल्या. चीनच्या 'ओफो'ने २०१८ सालीच भारतातून काढता पाय घेतला. कुठेही सोडलेल्या सायकली पदपथावर आडव्या पडल्या आणि लोकांनी त्यांची मोडतोडही केली. आजची निळी चौकट हा त्या अनुभवावरचा तोडगा आहे, आणि पदपथावरून चालणाऱ्याच्या बाजूने पाहता तो योग्यच आहे. परंतु ती चौकट नुसती नकाशावर न आखता रस्त्यावरही रंगवली असती, आणि उपग्रहाऐवजी खांबावर चिकटवलेला एक क्यूआर कोड स्कॅन करून परतीची खात्री करता आली असती, तर माझ्या तक्रारीचा मोठा भाग आपोआप मिटला असता. जो कोड गाडी उघडायला चालतो, तो बंद करायला का चालू नये, हे मला अजून समजलेले नाही.

तक्रार निवारणाविषयी थोडक्यात. अ‍ॅपमध्ये दूरध्वनी क्रमांक नाही. आहे ती गप्पांची खिडकी, आणि तिच्यात पहिले उत्तर यंत्र देते. मराठीत लिहिले तर इंग्रजीत उत्तर येते, ज्यात मी न विचारलेल्या प्रश्नाबद्दल दिलगिरी व्यक्त केलेली असते. त्यानंतर तक्रार 'निकाली' म्हणून बंद होते. जादा कापलेले भाडे मला दोनदा परत मिळाले, पण ते अ‍ॅपमधल्या खात्यात, बँकेत नव्हे. हे खाते फक्त त्याच कंपनीपाशी खर्च करता येते, त्यातले पैसे रोख काढता येत नाहीत. मोठ्या रकमेच्या रिचार्जवर मिळणारी सवलत घेण्याआधी ही गोष्ट प्रत्येकाने लक्षात घ्यावी. एका प्रकरणात मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली, आणि इतके दिवस गप्प असलेल्या कंपनीकडून प्रथमच एका जिवंत माणसाचा फोन आला. तो अत्यंत सौजन्याने बोलला. नळ स्टॉपच्या पुलाची अडचण त्याला ठाऊक होती, हे ऐकून मला आनंद व्हावा की राग यावा हे ठरवता आले नाही.

संध्याकाळी गाडी मिळणे हा दुसरा, आणि वाढत चाललेला, प्रश्न आहे. सहानंतर सेनापती बापट रस्त्यावर नकाशा जवळजवळ रिकामा असतो, कारण बऱ्याच गाड्या खाद्यपदार्थ पोहोचवणाऱ्या मुलांनी दिवसभराच्या किंवा आठवड्याच्या भाड्याने घेतलेल्या असतात. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांच्या पोटाचा प्रश्न माझ्या तीन किलोमीटरांपेक्षा मोठा आहे, आणि कंपनीचा धंदाही बहुधा त्यांच्यावरच चालतो. पण मग मेट्रोच्या प्रवाशांना मासिक पास विकताना ही गोष्ट सांगायला हवी. पास घेतला म्हणजे गाडी मिळेल असा माझा समज अ‍ॅपच्या जाहिरातीनेच करून दिला होता. पावसाळ्यात तर सारेच अवघड होते: सीट ओली, फोनच्या पडद्यावर थेंब पडले की स्कॅन होत नाही, आणि लॉ कॉलेज रस्त्याच्या कडेला साचलेल्या पाण्यात ती लहान चाके कोणता खड्डा शोधून काढतील याचा भरवसा नसतो.

सध्या मी मासिक पासाचे नूतनीकरण केलेले नाही. सकाळी मेट्रोतून उतरल्यावर गाडी समोर दिसली तर घेतो, कारण कार्यालयाजवळची चौकट मोकळ्या आकाशाखाली आहे आणि तेथे प्रवास एका क्षणात संपतो. त्यासाठी लहानात लहान रकमेचा रिचार्ज करतो आणि खात्यात दोन-तीन दिवसांपेक्षा अधिक भाडे शिल्लक ठेवत नाही. परतीला बस पाहतो. ती नाही आली तर चालत येतो, भांडारकर संस्थेवरून, आणि पाऊस नसेल तर ते चालणे मला ई-बाइकपेक्षा कमी वेळखाऊ वाटू लागले आहे.