डॅक बदलून आठ महिने, त्यात अमळनेरचा एक उन्हाळा

गेल्या दिवाळीत आरएमई कंपनीचा एडीआय-२ डॅक एफएस घेतला. डॅक म्हणजे गाण्याच्या फाइलमधल्या आकड्यांचा ॲम्प्लिफायरला कळेल असा विजेचा सिग्नल करणारा डबा. सगळं धरून खर्च लाखाच्या पुढे गेला. त्याआधी आठ-नऊ हजारांचा छोटा डॅक चार वर्षं बिनतक्रार चालत होता, त्यामुळे घरातून आलेला प्रश्न रास्तच होता: एवढ्या पैशांत वेगळं काय वाजणार? पहिल्या आठवड्यात मी काही लिहिलं नाही. नव्या वस्तूचं कौतुक कानात असतं, तेव्हाचं मत धरू नये. आता हिवाळा गेला, वैशाख गेला, कपाशीची पेरणीही झाली.

ऐकणं बहुतेक शास्त्रीय गायन, तेही रात्री दहानंतर. कॉम्प्युटरमधून यूएसबीने डॅक, पुढे ॲम्प्लिफायर आणि साडेसहा इंची वूफरचे स्पीकर. खोली अकरा बाय बारा.

सगळे आधी विचारतात ते आधीच सांगतो. भाचा सुट्टीत आला होता. मी पाठ करून बसलो आणि त्याने जुना-नवा डॅक न सांगता बदलत ठेवला. आवाजाची पातळी जुळवल्याशिवाय अशा तुलनेला काडीचा अर्थ नाही, कारण किंचित मोठा वाजणारा डॅक कानाला नेहमीच जास्त खुललेला वाटतो. म्हणून 100 हर्ट्झचा टोन लावला, स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर धरला आणि दोन्हींचे व्होल्ट एक टक्क्याच्या आत आणले. एक टक्का म्हणजे साधारण 0.1 डेसिबल. (साधा मीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला चुकतो, म्हणून टोन खालचा घ्यावा.) वीसपैकी अकरा वेळा बरोबर ओळखलं. नाणं उडवूनही तेवढंच जमलं असतं. त्यामुळे पडदा दूर झाला, गायक समोर येऊन बसला, असं काही मी लिहिणार नाही. सीडीच्या 16 बिटमध्येच सर्वांत हळू ते सर्वांत मोठ्या आवाजापर्यंत सुमारे 96 डेसिबलचा पल्ला असतो आणि आजचा बरा स्वस्त डॅकही तेवढा सहज पेलतो. माझ्या खोलीत पंखा एकवर असला तरी त्याची घरघर त्या पल्ल्याचा खालचा मोठा भाग खाऊन टाकते.

तरीही पैसे वाया गेले असं मला एकदाही वाटलं नाही, आणि त्याचं कारण आहे या डॅकमधली लाउडनेसची सोय. शेजारच्या खोलीत आई झोपते, म्हणून आवाज कमी ठेवावा लागतो. आवाज उतरवला की कानाला खर्ज आधी दिसेनासा होतो. बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच हे मोजून दाखवलं होतं. जुन्या ॲम्प्लिफायरवर लाउडनेसचं एक बटण असायचं, दाबलं की सगळं सरसकट गुबगुबीत. इथे तसं नाही. आपण रात्री ऐकतो ती खालची पातळी आणि तिथे खर्ज किती चढवायचा हे एकदा ठरवून द्यायचं. मग नॉब वर नेत गेलं की ही भर 20 डेसिबलच्या टप्प्यात आपोआप ओसरते. मध्येच आतला रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, टक् करतो आणि आउटपुटची रेंज बदलते, त्या आवाजाची आता सवय झाली आहे. आई कूस बदलणार नाही इतक्या हळू लावूनही तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेला अंग राहतं आणि विलंबितात बायाचा घुमारा हरवत नाही. माझ्यासाठी खरेदीचं सार्थक इथेच झालं. मात्र मॅन्युअल नीट वाचल्याशिवाय हे हाती लागत नाही. मी तीन रात्री घातल्या.

दुसरी उपयोगी गोष्ट म्हणजे बिट टेस्ट. कंपनीने दिलेली फाइल वाजवायची; ती एकही आकडा न बदलता पोहोचली तर डॅक पडद्यावर तसं दाखवतो. माझी पहिल्या दिवशी नापास झाली. कॉम्प्युटर 44.1 किलोहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 44,100 नमुन्यांची, गाणी गुपचूप 48 करून पाठवत होता. चार वर्षं मला पत्ताच नव्हता.

आता उन्हाळा. मार्चअखेर स्पीकरमधून ‘हूं’ असा बारीक गुणगुणाट सुरू झाला आणि एप्रिलमध्ये तो दोन आलापांमधल्या शांततेत स्पष्ट ऐकू यायला लागला. संशय नव्या डब्यावरच गेला, पोटात गोळा आला. मग यूएसबी काढून टीव्हीची ऑप्टिकल केबल लावली, आणि गुणगुणाट गायब. ऑप्टिकलमधून प्रकाश जातो, वीज नाही. म्हणजे डॅक निर्दोष होता. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला उलटा हात लावला तर मुंग्या आल्या. वायरमनला बोलावलं. त्याने होल्डरमधला बल्ब फेज आणि अर्थिंगमध्ये धरला. लख्ख पेटायला हवा होता, तो विझत्या निखाऱ्यासारखा लाल झाला. तो म्हणाला, “भाऊ, तुमनं मशीन बरोबर शे. अर्थिंग सुकाई गयी.”

आमची काळी जमीन. पावसाळ्यात चिकट, वैशाखात तळहात जाईल एवढ्या भेगा. अर्थिंगच्या सळईभोवतीची माती आक्रसून बाजूला सरली होती, मग विजेने जायचं कुठून? खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतलं. तासाभराने बल्ब उजळला आणि गुणगुणाट जवळजवळ बसला. पण रोज पाणी घालत बसणं काही खरं नाही, म्हणून मे महिन्यात परसात नवा खड्डा खणून कोळसा आणि मीठ भरून अर्थिंग घेतलं. टिकाव मारला की ठिणगी उडावी अशी जमीन होती. या कामाला डॅकच्या किमतीपुढे नगण्य खर्च आला, आणि आवाजात फरक मात्र डोळे मिटूनही वीसपैकी वीस वेळा ओळखता येईल एवढा. महागाचा डॅक घ्यायचं मनात असेल त्यांनी आधी घरात हा बल्ब धरून बघावा, आणि तोही एप्रिलमध्ये.

कूलर चालू असताना काहीच ऐकण्यात राम नाही. ते दोन महिने हेडफोनवर काढले.

वडिलांच्या भजनी मंडळाच्या कॅसेटी मी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या होत्या. नव्या डॅकवर त्या उजळतील अशी वेडी आशा होती. उजळल्या नाहीत, टेपवर जे नाही ते डॅक कुठून आणणार? उलट टाळ किती बोथट उतरलेत ते ध्यानात आलं. कॅसेट डेकमध्ये टेप वाचणाऱ्या हेडचा स्क्रू छोट्या पेचकसाने केसभर फिरवून कॅसेटी पुन्हा उतरवायला घेतल्या, तेव्हा टाळांना धार आली. भजनाच्या रात्रीच्या लाउडस्पीकरची घरघर टेपमध्येच आहे, ती डॅकच्या इक्वलायझरमध्ये 100 हर्ट्झला अरुंद खाच देऊन, म्हणजे तेवढीच पट्टी खाली ओढून, बरीच बसवली. वडिलांची चाल धरण्याआधीची खाकर आता ऐकू येते. अजून सात कॅसेटी अशा पुन्हा उतरवायच्या आहेत.